दमेकऱ्याचं ताट

मृग नक्षत्र लागलं की हैदराबादच्या नामपल्ली प्रदर्शन मैदानावर रांगा लागतात. रांगेतल्या माणसांच्या हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात बोटाएवढं मरळीचं जिवंत पिल्लू. पाळी आली की बथिनी गौड कुटुंबातला कोणीतरी त्या पिल्लाच्या तोंडात पिवळसर लेपाची गोळी भरतो आणि मासा तसाच वळवळता रुग्णाच्या घशात सोडतो. हे काम आपलं घराणं १८४५ पासून, एक पैसाही न घेता करत आलं आहे, असं हे कुटुंब सांगतं. आता त्याला औषध न म्हणता प्रसाद म्हणतात. शाकाहारी माणसांना तोच लेप गुळात मिळतो आणि घरी जाताना पंचेचाळीस दिवसांचं पथ्य सांगितलं जातं.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. मृगाला हिंग-गूळ खाणारी घरं आपल्याकडे आहेत, कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध वाटणारी शिबिरं आहेत. श्वासाच्या आजाराचा उगम पोटात शोधण्याची रीत तर फारच जुनी. चरकसंहितेत श्वासरोगाचं मूळ पित्ताच्या स्थानात सांगितलं आहे, आणि आज ज्याला दमा म्हणतात त्याच्याशी जुळणारं ‘तमक श्वास’ या आजाराचं वर्णन त्याच ग्रंथात आहे. त्यामुळे दमा आणि अन्न यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही. संबंध आहे, हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं.

पण घरात त्याचा अर्थ एकच निघतो, तो म्हणजे बंदी. मुलाला दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच संध्याकाळी ताटातून पदार्थ कमी व्हायला लागतात. आधी दही, मग ताक, केळं, पेरू, सीताफळ, संत्रं, काकडी. भात रात्री बंद. दूध कफ करतं म्हणून तेही गेलं. उरतं काय? पोळी, बटाट्याची भाजी आणि चहा-बिस्किटं. बंद केलेल्या पदार्थांची यादी नीट पाहिली तर पोटात कालवाकालव होते, कारण आजवरच्या संशोधनात दमेकऱ्याला ज्या पदार्थांचा थोडाफार आधार मिळतो असं दिसलं आहे, नेमके तेच या यादीत आहेत.

दमा म्हणजे श्वासनलिकांच्या अस्तराला कायम राहणारी सूज. या सुजेमुळे नळ्या हळव्या होतात. धूळ, धूर, परागकण, सर्दीचा विषाणू असं काहीही निमित्त झालं की भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि छातीत घरघर सुरू होते. सूज उतरवायचं मुख्य काम श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडचं, म्हणजे रोजच्या पंपाचं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने लोक गोळ्या पसंत करतात आणि पंप कपाटात ठेवतात. २०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. या तफावतीला ताटातलं दही कारण नाही. न घेतलेला पंप हे मोठं कारण आहे. अन्नाबद्दल पुढे जे येईल ते सगळं पंप चालू आहे असं धरूनच वाचावं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात लिसा वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा आणि आहार यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात दमा असलेले १३७ प्रौढ होते. काहींना रोज भाज्यांचे पाच आणि फळांचे दोन वाढप, तर इतरांना भाज्यांचे जास्तीत जास्त दोन आणि फळाचं एकच वाढप. बाकी उपचार चालू. कमी भाजी-फळं खाणाऱ्यांमध्ये दमा उसळण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त निघाली. या प्रयोगातला एक भाग विशेष बोलका आहे: कमी भाजी-फळं खाणाऱ्यांपैकी काहींना टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांचा काही उपयोग झाला नाही. ताटातल्या भाजीची जागा बाटलीतली गोळी घेऊ शकली नाही.

गोळ्यांच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा आला. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना दम्याचा त्रास जास्त होतो असं दिसलं होतं, त्यामुळे या गोळीकडून मोठी आशा होती. अमेरिकेत २०१४ मध्ये ४०८ प्रौढांवर आणि २०२० मध्ये १९२ मुलांवर झालेल्या दोन्ही चाचण्यांत ती फोल ठरली. ज्याला ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे त्याने हाडांसाठी ते जरूर घ्यावं. दमा त्याने आटोक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी सुचवलेल्या ताटात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. मराठी घरातलं वाटीभर भाजीचं प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. त्यातून कोशिंबीर आणि फळं ‘थंड पडतात’ म्हणून काढून टाकली की कमतरता आणखी वाढते. दिवाळीच्या सुमारास बाजारात पेरू आलेला असतो, आवळे यायला लागतात, मेथी-पालकाच्या जुड्या स्वस्त होतात. पेरूत संत्र्याच्या चौपटीहून जास्त क जीवनसत्त्व असतं. तोच पेरू दम्याच्या मुलाच्या हातातून काढून घेतला जातो, आणि बदल्यात हातात पडतो तो बिस्किटाचा पुडा.

केळ्याचीही तीच गत. २००७ मध्ये लंडनच्या ग्रीनिच भागातल्या शाळांमधल्या अडीच हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज केळं खाणाऱ्या मुलांमध्ये छातीत घरघर होण्याचं प्रमाण क्वचित केळं खाणाऱ्यांपेक्षा कमी होतं. अशा पाहणीवरून केळ्याने दमा बरा होतो असं म्हणता येत नाही. मात्र केळं खाल्लं की दमा वाढतो, या समजाला तिच्यात कसलाच आधार नाही.

दुधावरचा आरोप सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात ६० निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला गेला आणि पुढचे दहा दिवस त्यांच्या नाकातल्या स्रावाचं चक्क वजन केलं गेलं. कोणी दूध मुळीच पीत नव्हतं, कोणी भरपूर पीत होतं. स्राव मात्र दुधाच्या प्रमाणात वाढला नाही. दूध लाळेत मिसळलं की तोंडात नि घशात काही काळ दाट थर जाणवतो, आणि तोच कफ वाटतो. दूध तोडण्याचा खरा फटका दुसरीकडे बसतो. ज्यांना वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांची हाडं ठिसूळ होत जातात. त्यांना कॅल्शियमची गरज इतरांपेक्षा जास्त, आणि घरात दूध-दही बंद असतं ते नेमकं त्यांचंच. दूध आवडतच नसेल किंवा सोसत नसेल तर नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आहेत, पालेभाज्या आहेत. ज्याला दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली आहे त्याचं प्रकरण अर्थातच वेगळं.

आजी जे सांगते ते सगळंच टाकाऊ, असा मात्र याचा अर्थ नाही. १९८५ मध्ये लंडनच्या निकोला विल्सन यांनी दमा असलेल्या मुलांच्या पालकांना खाण्यापिण्याबद्दल विचारलं, तेव्हा भारतीय उपखंडातून आलेल्या घरांनी बर्फ, कोला पेयं, तळलेले पदार्थ आणि शेंगदाणे-बदामांसारखी कठीण कवचाची फळं यांमुळे खोकला-घरघर होते असं गोऱ्या घरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सांगितलं. बर्फाचा गोळा खाल्ला की एखाद्या मुलाला लगेच ढास लागत असेल तर ते त्या मुलापुरतं खरंच आहे, आणि त्याला तो न देणं शहाणपणाचं. पण एका मुलाचा अनुभव घरातल्या सगळ्या थंड, आंबट, गोड पदार्थांवर पसरवायचं कारण नाही. साध्या वहीत तारीख, खाल्लेला पदार्थ आणि झालेला त्रास महिनाभर लिहिला तर खरा अपराधी कोण हे बहुतेक वेळा कळतं. हजारो रुपये मोजून केलेल्या शंभर पदार्थांच्या रक्ततपासणीतून ते कळेलच असं नाही. त्या अहवालात एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तो खाऊन त्रास होतोच, असं नसतं. ज्याला शेंगदाणा, अंडं, कोळंबी खाताच मिनिटांत अंगावर गांध्या उठतात, उलटी होते, धाप लागते, त्याने मात्र थेट तज्ज्ञाकडे जावं. दमा आणि खरी अन्नॲलर्जी एकत्र असली की जिवाला धोका वाढतो.

एक धागा इथे नीट सोडवायला हवा. खाल्लेलं अन्न वेगळं आणि श्वासातून गेलेलं अन्न वेगळं. इटलीचे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात पिठाच्या धुळीने धापा टाकणारे पाववाले आहेत. पिठाच्या गिरणीत किंवा बेकरीत काम करून दमा झालेला माणूस त्याच गव्हाची पोळी सहसा निर्धास्त खाऊ शकतो. तसंच फोडणीतल्या मिरचीचं. ती आमटीतून पोटात गेली तर काही करत नाही, पण तिचा खकाणा नाकात गेला की घरभर खोकला होतो आणि दमेकऱ्याला उबळ येते. पदार्थ वर्ज्य करण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी, धूर बाहेर फेकणारा पंखा लावावा.

आता दिवाळीच्या फराळाकडे. त्यातला ज्याच्याबद्दल कोणालाच शंका येत नाही असा जिन्नस म्हणजे बेदाणा. सांगली-तासगावचा पिवळाधमक, हिरवट झाक असलेला बेदाणा बाजारात भाव खातो, आणि तो रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. केशरी जर्दाळूचंही तसंच. गंधक न लावलेला जर्दाळू तपकिरी दिसतो. या धुरीतून जी सल्फाइटं पदार्थात राहतात, त्यांच्यापासून पोटातल्या आम्लात सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तो घशाशी येतो आणि श्वासाबरोबर आत ओढला जातो. बहुतेकांना काही होत नाही. पण दमेकऱ्यांपैकी साधारण ३ ते १० टक्क्यांना सल्फाइट बाधतं आणि काही मिनिटांतच छाती आवळायला लागते.

कोल्हापुरी गुळातही हे येतं. गूळ पिवळाजर्द दिसावा म्हणून गुऱ्हाळात घालतात ते ‘हायड्रॉस’ गंधकाचंच संयुग. काळपट गूळ गिऱ्हाईक नाकारतं, म्हणून गुऱ्हाळवाल्यालाही ते घालावं लागतं. दमेकऱ्याच्या घरी रसायनविरहित, गडद रंगाचा गूळ आणि काळ्या मनुका आणणं फार अवघड नाही. बाटलीबंद लिंबाचा रस, सरबतांचे अर्क आणि वाइन यांतही सल्फाइटं असतात. वेष्टनावर आयएनएस २२० ते २२८ यांपैकी आकडा दिसला तर ती आहेत असं समजावं. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तर ती लेबलावर जाहीर करणं भारतातल्या नियमानुसार बंधनकारक आहे. सुटा बेदाणा घेताना मात्र हे कळायचा मार्ग नाही, हे खटकतं.

तेलकटाबद्दल न्यूकॅसलच्याच गटाचा २०११ चा प्रयोग आहे. दमेकऱ्यांना बर्गर आणि तळलेल्या बटाट्याचं, सुमारे हजार कॅलरींचं जेवण दिलं. चार तासांनी पाहिलं तर श्वासमार्गात सुजेशी संबंधित पेशी वाढल्या होत्या आणि श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा परिणाम कमी झाला होता. दोन चकल्यांनी असं होणार नाही. पण दिवाळीचे पाच दिवस जेवणाऐवजी फराळच, तोही रात्री उशिरा आणि लगेच अंथरुणावर, हा बेत दमेकऱ्याला महागात पडतो. भरलेल्या पोटातलं आम्ल आडवं झाल्यावर वर येतं, घशाशी जळजळतं आणि पहाटेचा खोकला सुरू होतो. स्वतः दमेकरी असलेले लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात रात्रीच्या जड जेवणाविरुद्ध बजावलं होतं.

याच सॉल्टरांनी दम्याच्या उबळीवर कडक कॉफी सुचवली होती आणि तेही खरं निघालं. कॉफीतलं कॅफिन श्वासनलिका किंचित सैल करतं. परिणाम काही तास टिकतो. चहाच्या पानांतून १८८८ साली वेगळं केलेलं थिओफिलिन तर पुढे दम्याचं औषधच झालं. पण थिओफिलिनच्या गोळ्या घेणाऱ्याने वर कडक कॉफीचे कपावर कप घेतले तर छातीत धडधड होते, हात थरथरतात. आणि उबळ आल्यावर गॅसवर आधण ठेवण्यात वेळ घालवू नये. तिथे श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा पंपच लागतो.

आहाराने सर्वांत ठळक फरक पडतो तो वजन जास्त असलेल्या दमेकऱ्याला. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुफ्फुसं पुरती फुलत नाहीत, आणि चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात येत राहतात. २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या लहानशा चाचणीत ५ ते १० टक्के वजन उतरवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा दमा लक्षणीयरीत्या आटोक्यात आला. ८० किलोच्या माणसाला हे ४ ते ८ किलो पडतं. दम्यावर जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेच्या सूचनांतही आहाराबद्दल मुख्यतः हेच आहे: भाज्या-फळं भरपूर खा, वजन जास्त असेल तर उतरवा. एवढी साधी गोष्ट जिवंत मासा गिळण्याइतकी थरारक नाही, म्हणूनच कदाचित तिच्यासाठी रांगा लागत नाहीत.

या दिवाळीत घरातल्या दमेकरी मुलाच्या ताटात लाडू-करंजीबरोबर दह्यातली कोशिंबीर, केळं आणि पेरूची फोडही वाढा. आणि फटाक्यांच्या धुराच्या या आठवड्यात तरी त्याचा सकाळ-संध्याकाळचा पंप एकदाही चुकू देऊ नका.