तालमीतील विश्रांतीचे स्थान



'तालीम' हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ 'शिक्षण'. वस्ताद म्हणजे उस्ताद, अर्थात शिक्षक. आपण मात्र तालीम म्हणजे केवळ मेहनत असे मानतो, आणि जो अधिक जोर-बैठका काढील तो अधिक मोठा मल्ल होईल असे धरून चालतो.

माझ्या विद्यार्थिदशेत, तापीकाठच्या याच गावी, माझा एक सोबती नागपंचमीच्या कुस्त्यांची तयारी करीत असे. दोन महिने त्याने एका दिवसाचाही खाडा केला नाही. पुढे त्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, स्वभाव चिडका झाला. ज्यांना तो सहज चीत करी, तेच त्याला आस्मान दाखवू लागले. वस्तादांनी याला आळस ठरवून बैठका वाढविल्या. कुस्त्यांच्या दिवशी तो तापाने अंथरुणाला खिळला होता. त्यानंतर त्याने लंगोट बांधला नाही.

तो आळशी नव्हता, हे मला फार उशिरा उमगले. व्यायामाने शरीर झिजते. बळ येते ते नंतरच्या झोपेत आणि अन्नात. झीज भरून येण्याआधीच नवी झीज होत राहिली की सकाळची नाडी जलद चालू लागते, सर्दी-ताप वरचेवर येतात, मन उदास होते आणि सराव वाढूनही ताकद घटते. हा विकार नेमका दाखविणारी एखादी रक्ततपासणी आजही नाही. तो बरा व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. एकाएकी अतोनात बैठका काढल्यास स्नायूंची मोडतोड होऊन लघवी काळसर होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मल्लाला वजनगटाचाही जाच असतो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्यासाठी उपाशी-तहानलेले, उष्णतेत व्यायाम करताना महिन्याभराच्या अंतरात दगावले. पुढे तेथील नियम बदलावे लागले.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. चरकाने अतिव्यायामाच्या परिणामांत क्षय, तहान, खोकला, ज्वर व वांती गणली आहेत. सुश्रुताने अर्ध्या बळानेच व्यायाम करावा असे सांगून, श्वास तोंडाशी आला की ती मर्यादा गाठली असे मानले. स्पर्धेतील मल्लाला ही मर्यादा ओलांडावी लागते. म्हणूनच त्याला विश्रांती अधिक हवी.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. तिथे एका दीर्घ कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुढची कुस्ती खेळावी लागली आणि ती ते हरले, असे सांगतात. थकव्यापुढे असे कौशल्यही हतबल होते.

या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज मुलांना आखाड्यात घेऊन जातात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: आठवड्यातून एक दिवस माती मोकळी ठेवा, आणि पोरगा मागे पडू लागला की बैठका वाढविण्याआधी त्याला विचारा, "बाळ, रात्री झोप लागली का?" शिक्षकाचे काम तिथून सुरू होते.