विश्लेषण : वाघासाठी ५० रुपयांचे नाणे… पण ते बाजारात का दिसत नाही?

व्याघ्र प्रकल्पाला ५० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ५० रुपयांच्या स्मारक नाण्याचे प्रकाशन झाले. राज्यात सर्वाधिक वाघ असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातही हे नाणे कुणाच्या खिशात सापडणार नाही. असे का?

स्मारक नाणे म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटनेच्या स्मरणार्थ केंद्र सरकार असे नाणे काढते. स्वतंत्र भारतात याची सुरुवात १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्याने झाली. नाणे कायदा, २०११ नुसार एक हजार रुपयांपर्यंतचे नाणे काढण्याचा अधिकार केंद्राला आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत नाणी पाडली जातात.

ते व्यवहारात चालते का?

स्मारक नाण्यांचे दोन प्रकार आहेत. एक, दोन, पाच, दहा रुपयांची काही स्मारक नाणी रिझर्व्ह बँकेमार्फत नेहमीच्या चलनात येतात. ५०, १०० किंवा त्याहून मोठ्या मूल्याची नाणी मात्र संग्राहकांसाठी असतात. नोंदणी करून ती टांकसाळीकडून घ्यावी लागतात आणि दर्शनी मूल्यापेक्षा बरीच जास्त किंमत मोजावी लागते. वाघाचे नाणे या दुसऱ्या प्रकारातले आहे.

गौरव नेमका कशाचा?

१ एप्रिल १९७३ रोजी नऊ अभयारण्यांपासून व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात मेळघाट होते. ताडोबा-अंधारीला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळायला १९९० चे दशक उजाडले. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत हा सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते, ते ४४४ झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीत काय घडते आहे?

ताडोबात जागा कमी पडू लागली तसे तरुण वाघ बाहेर पडले. ब्रह्मपुरीच्या जंगलातून वैनगंगा ओलांडून ते गडचिरोलीच्या वडसा भागात पोहोचले. याच पट्ट्यात माणसांचे पोटही जंगलावर चालते. उन्हाळ्यात मोहफूल वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जावे लागते. पानासाठी वाकलेला माणूस दाट झुडपात दिसत नाही आणि त्यालाही वाघ दिसत नाही. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत १३ जणांचे बळी घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या.

भरपाई किती?

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला मिळणारी मदत राज्य सरकारने २०२२ मध्ये २० लाख आणि नंतर २५ लाख रुपये केली. यातील काही रक्कम लगेच, तर उरलेली मुदत ठेवीच्या रूपात मिळते. पण मदत वाढली म्हणून जंगलात जाणे टळत नाही. पावसाळ्यापूर्वी हाती येणारा रोख पैसा अनेक घरांत तेंदूपत्त्याचाच असतो.

यावर उपाय काय?

एक मार्ग स्थलांतराचा. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. २०२४ मध्ये ताडोबातील दोन वाघिणी ओडिशातील सिमिलीपालला गेल्या. यामुळे तिथल्या जंगलांना फायदा होतो. मात्र दोन-चार वाघ हलवून चंद्रपूरवरचा ताण फारसा हलका होत नाही. तेंदू हंगामात मजुरांनी गटाने जाणे, वाघाच्या हालचालीची माहिती गावाला वेळेत मिळणे आणि जंगलाबाहेर रोजगार उभा राहणे, हे उपाय रोजच्या कामाचे आहेत. नाण्यावरची पन्नाशी वाघ वाचल्याची आहे. पुढची वर्षे वाघाशेजारी राहणारा माणूस कसा वाचतो, यावर ठरतील.