वाचा आणि श्रवण : सेवेचे एक दुर्लक्षित शिक्षण

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा नेहमी मागच्या बाकावर बसत असे. हाक मारली तर तो ओ देत नसे, प्रश्न विचारला की शेजारच्या मुलाकडे पाहत असे. शिक्षिकेने त्याला हट्टी ठरविले आणि आम्हीही ते मान्य केले. सातव्या वर्षी त्याची तपासणी झाली, तेव्हा त्याला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निष्पन्न झाले. भाषा आत्मसात करण्याची सर्वांत मोलाची वर्षे तोपर्यंत हातची गेली होती.

बारावीचा निकाल लागला की अनेक पालक मुलांच्या भवितव्याविषयी सल्ला विचारण्यास येतात. वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि परिचर्या या तीन वाटा सर्वांना ठाऊक असतात. अशा मुलांना वेळीच ओळखून त्यांना बोलते करणारे शास्त्र मात्र सहसा कोणाच्या गावीही नसते. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अभ्यासक्रम कोणता?

या पदवीचे नाव 'बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी', म्हणजेच बीएएसएलपी. अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचे असते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी त्यासाठी अर्ज करू शकतात. १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता संस्थेला आहे की नाही, हे पालकांनी प्रथम पाहावे, कारण व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते.

आपल्याला जवळची सरकारी संस्था म्हणजे मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. ती १९८३ साली स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निधन पावलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. मुंबई महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. सार्वजनिक संस्थांत शुल्क माफक असते. शिवाय तेथे रुग्णांची वर्दळ असल्याने विद्यार्थ्याला नाना प्रकारची प्रकरणे पाहावयास मिळतात. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी संस्थेकडूनच समजून घ्यावेत.

काय शिकवितात?

कान, कंठ आणि मेंदू यांची रचना, ध्वनीचे पदार्थविज्ञान, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय येथे एकत्र येतात. पॅरिसमधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवून दिले की, मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागास इजा झाल्यास माणसाची वाचा जाते, जरी त्याला बरेचसे समजत असले तरी. पक्षाघातानंतर मुके झालेले आपले आजी-आजोबा अनेकदा याच अवस्थेत असतात. त्यांना पुन्हा शब्दांपर्यंत नेणे, सुरक्षितपणे गिळावयास शिकविणे, तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, स्वमग्नता, शिक्षकांचा बसलेला आवाज अशा अनेक व्याधींवर हे तज्ज्ञ काम करतात.

श्रवणदोषाबाबत काळाचे गणित कठोर आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. झोपलेल्या तान्हुल्याचीही 'ओएई' आणि 'बेरा' या चाचण्यांद्वारे तपासणी करता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मात्र यंत्र बसविल्याने मूल आपोआप बोलू लागत नाही. शब्द ऐकावयास आणि उच्चारावयास त्याला पुढे कित्येक महिने शिकवावे लागते.

आपली मुले का हवीत?

हे शिकविणे मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे लागते. 'चार' आणि 'चाक' या दोन शब्दांतील 'च' एकाच अक्षराने लिहिला जातो, पण त्याचा उच्चार भिन्न आहे. केवळ इंग्रजी चाचणी हाती असलेल्या तज्ज्ञाला हा भेद जाणवणार नाही. उत्तर कोकणातील अनेक बोलींत 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो घरच्या बोलीलाच दोष समजून निरोगी मुलावर उपचार करील. उलट, 'इथली मुले अशीच बोलतात' असे समजून खरा दोष नजरेआड होण्याचाही संभव आहे. बोली आणि दोष यांतील फरक ओळखावयास त्या अंगणात वाढलेला कान असावा लागतो. ज्याला आपण गावंढळ म्हणून लपवितो, तेच बोलीचे ज्ञान येथे विद्यार्थ्याचे भांडवल ठरते.

ख्रिस्तसभेला हे क्षेत्र नवे नाही. एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या दशकात, मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. भारतातील अशा शिक्षणाच्या आरंभात तिची गणना होते.

पालकांनी काय करावे?

सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द उच्चारत नसेल किंवा दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नसेल, तर 'याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते' असे म्हणून थांबू नये. कानांची तपासणी करून घ्यावी. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनीही मागच्या बाकावरील अबोल मुलाला हट्टी ठरविण्यापूर्वी पालकांशी बोलावे.

आमच्या वर्गातील तो मुलगा आज श्रवणयंत्र वापरतो. तो बोलतो, पण अनोळखी माणसाला त्याचे बोलणे चटकन समजत नाही. त्याचा दोष पाच-सहा वर्षे आधी ओळखणारे कोणी आमच्यात असते तर ही वेळ टळली असती. या वर्षी बारावी होणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याने जरी ही वाट धरली, तरी पुढच्या तान्हुल्याला तितकी प्रतीक्षा करावी लागणार नाही.