सोयाबीन मान वर काढते तेव्हा

सोयाबीनचा दाणा ओल्या मातीत पडला की त्याचे पहिले काम पाणी पिण्याचे. आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी शोषल्याशिवाय तो उगवत नाही. मक्याला याहून बरेच कमी पुरते. म्हणूनच शिरोळ, हातकणंगले, कागलच्या रानात मृगाच्या पहिल्याच सरीवर कुरी धरण्याची घाई अंगलट येते. अपुऱ्या ओलीवर फुगलेला दाणा पुढे पाऊस ओढला की मातीतच मरतो आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा आणि वाफशावर पेरावे, ही शिफारस त्यासाठीच आहे.

रात्रभर भिजवलेला दाणा सोलून दोन्ही डाळी अलगद उकलल्या, तर एकीच्या कडेला चिमुकले रोप चिकटलेले दिसते. एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला घडी घातलेली पाने. डाळी ही त्याची शिदोरी. त्यांत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. ओल मिळताच विकरे हा साठा फोडू लागतात आणि दाण्याचा श्वास वाढतो. त्याला हवाही तितकीच लागते. पाणी तुंबलेल्या काळ्या रानात बी कुजते ते गुदमरूनच.

आधी बाहेर पडते ते मूळ. मिसळीच्या मटकीला दिसणारा पांढरा मोडही मूळच असतो. दाणा कसाही पडो, मूळ खालीच वळते, कारण त्याच्या टोकातल्या पेशींमधले पिठूळ कण तळाशी बसतात आणि त्यावरून खालची दिशा कळते.

खरी कसोटी यानंतर. मूळ आणि डाळी यांच्यामधला देठ लांबतो, आकडीसारखा वाकतो आणि आपल्या पाठीने माती फोडत दोन्ही डाळी वर ओढून आणतो. हरभरा आणि तूर हे करत नाहीत. त्यांच्या डाळी मातीतच राहतात, वर येतो फक्त कोंब. सोयाबीनचे ओझे मोठे, त्यामुळे बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले किंवा जोराच्या पावसानंतर उन्हाने वरची माती कडक झाली, तर मान मोडते. मान मोडलेले रोप परत फुटत नाही. हरभऱ्याचा शेंडा तुटला तरी मातीतल्या डोळ्यातून नवा फुटवा येऊ शकतो.

उजेड लागला की आकडी सरळ होते, डाळी उघडून हिरव्या पडतात. त्यांच्यामधून समोरासमोर दोन साधी पाने येतात आणि मग सोयाबीनचे ओळखीचे त्रिदल पान. तोवर डाळी सुकून गळतात. मुळांवर नत्राच्या गाठीही याच सुमारास धरू लागतात.

सोयाबीनची साल पातळ आणि मूळ तिच्या अगदी लगत. मळणी यंत्र जास्त वेगाने फिरवले किंवा पोती आपटली, तर दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. घरचे बी पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि आठवड्याने मोजावेत. ७० हून कमी उगवले, तर एकरी ३० किलोचे प्रमाण वाढवावे लागते.