गोष्टीबाहेरचं गाणं

१४ मे २००२ रोजी लंडनच्या डॉमिनियन थिएटरात ‘वुई विल रॉक यू’ या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला आणि वृत्तपत्रांतल्या परीक्षकांनी त्याच्या चिंध्या केल्या. कथा बालिश, विनोद शाळकरी, पात्रं कचकड्याची, असा बहुतेकांचा सूर होता. एवढी झोडपणी झाल्यावर नाटक महिन्या-दोन महिन्यांत गुंडाळावं लागतं, असा त्या नाट्यव्यवसायाचा अनुभव. या नाटकावरचा शेवटचा पडदा मात्र पडला ३१ मे २०१४ रोजी, ४,६५९ प्रयोगांनंतर. ते थिएटरही लहानसहान नव्हे. आसनं दोन हजारांच्या घरात. मध्यंतरी २००६ साली प्रयोग थांबवायचं ठरलं होतं, पण मागणी बघून तो बेत मागे घ्यावा लागला. या यशाचं एक तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: गाणी ‘क्वीन’ या रॉक बँडची, मग लोक येणारच. मला हे उत्तर अपुरं वाटतं. परीक्षकांनी ज्या कथेला नावं ठेवली, त्या कथेनेच हे नाटक तारलं, असं माझं म्हणणं आहे. ती फार सुंदर कथा होती म्हणून हे घडलं नाही. या नाट्यप्रकारातली सर्वांत अवघड अडचण तिने प्रामाणिकपणे सोडवली म्हणून घडलं.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारं ज्यूकबॉक्स नावाचं यंत्र मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत जाणाऱ्यांना माहीत असेल. आधीच लोकप्रिय झालेली गाणी घेऊन त्यांच्याभोवती नवी गोष्ट रचलेल्या नाटकाला त्या यंत्रावरूनच ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणतात. नाव अलीकडचं असलं तरी ओळखीच्या सुरांवर नाटक उभं करण्याची युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये १७२८ साली आलेल्या जॉन गे यांच्या ‘बेगर्स ऑपेरा’तली पदं लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवरच बांधलेली होती. मराठी वाचकाला तर हे सांगायचीही गरज नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, तेव्हापासून संगीत नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ अमुक असं लिहिलेलं असायचं. कीर्तनातली, लावणीतली, दुसऱ्या भाषेतली ओळखीची चाल घ्यायची आणि तिच्यावर प्रसंगाला साजेसे नवे शब्द बसवायचे. यात नाटककाराला मोठी मोकळीक होती. सूर ओळखीचा म्हणून कान लगेच रमतो आणि शब्द नवे म्हणून पद त्या पात्राचं होऊन जातं. ज्यूकबॉक्स म्युझिकलमध्ये ही मोकळीक जवळजवळ नसते. चालही तीच, शब्दही तेच. बदलता येतो तो फक्त गाण्याचा संदर्भ.

हा संदर्भ बदलणंच कठीण. प्रेक्षकाच्या मनात प्रत्येक गाण्याची जागा आधीच ठरून गेलेली असते. ते गाणं त्याने कॉलेजात, प्रवासात, कुणाच्या तरी सोबतीने ऐकलेलं असतं. आता रंगमंचावरची एखादी तरुणी आपलं दुःख सांगायला तेच गाणं म्हणू लागली, तर ते तिचंच दुःख आहे हे पटायचं कसं? याची दोन उत्तरं गाजली आहेत. पहिलं ‘मम्मा मिया’चं. लंडनला एप्रिल १९९९ मध्ये आलेल्या त्या नाटकात ‘आबा’ या बँडची गाणी पात्रं जणू आत्ताच सुचल्यासारखी गातात. कॅथरिन जॉन्सन यांनी आई, मुलगी आणि तीन संभाव्य बाप यांची घरगुती गोष्ट अशी बेमालूम विणली की गाणी संवादच वाटावीत. दुसरं उत्तर २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘जर्सी बॉइज’चं. तिथे गोष्ट गायकांचीच आहे, त्यामुळे गाणं गाणं म्हणूनच येतं. ध्वनिमुद्रण किंवा कार्यक्रम चालू आहे एवढं दाखवलं की भागतं.

‘वुई विल रॉक यू’चा आरंभ या दुसऱ्या वाटेने झाला होता. १९९६ साली व्हेनिसमध्ये अभिनेते रॉबर्ट डी नीरो यांची ‘क्वीन’चे गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याशी भेट झाली. डी नीरो यांची मुलगी या बँडची चाहती होती. तुमच्या गाण्यांवर नाटक करायचं मनात आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि पुढे त्यांची ‘ट्रायबेका’ ही संस्थाही निर्मितीत उतरली. पहिला विचार अर्थातच गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या चरित्राचा होता. झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेले फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी आपला पहिला बँड काढला. पुढे ते जगभर गाजले आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये एड्सने गेले. नाटकाला याहून भरीव सामग्री कुठली हवी? तरीही तो बेत सोडण्यात आला, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. मर्क्युरींना जाऊन तेव्हा जेमतेम पाच-दहा वर्षं झाली होती. त्यांची भूमिका करणारा नट रोज रात्री त्यांच्याशीच तोलला गेला असता आणि रोज रात्री हरला असता. शिवाय ‘क्वीन’च्या चारही सदस्यांनी गाजलेली गाणी लिहिली आहेत, ‘रेडिओ गा गा’ टेलर यांचं, ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ बासवादक जॉन डीकन यांचं, आणि ज्याचं नाव नाटकाने घेतलं ते मे यांचं. एकाच्या चरित्रात चौघांचं काम मावलं नसतं.

लेखक बेन एल्टन आले आणि त्यांनी तिसरी वाट काढली. गोष्ट तीनशे वर्षांनंतरची. पृथ्वीवर ‘ग्लोबलसॉफ्ट’ नावाच्या एकाच कंपनीचं राज्य आहे. सगळी मुलं तेच चित्रपट बघतात, संगणकाने बनवलेली तीच गाणी ऐकतात, आणि वाद्यं बाळगायला बंदी आहे. अशा जगात गॅलिलिओ नावाच्या एका मुलाच्या डोक्यात अनोळखी शब्द घुमत राहतात. ते कुठून येतात, त्यांचा अर्थ काय, हे त्याला कळत नाही. प्रेक्षकाला मात्र लगेच कळतं: त्या विसाव्या शतकातल्या गाण्यांच्या ओळी आहेत. बंडखोरांची टोळी भुयारी रेल्वेच्या बंद पडलेल्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकात लपते, म्हणजे प्रेक्षक ज्या थिएटरात बसला आहे त्याच्याच पायाखाली. या मंडळींनी जुन्या गायकांची नावं धारण केली आहेत, पण ती नावं कुणाची होती हे ठाऊक नसल्याने ब्रिटनी हे नाव एका धिप्पाड पुरुषाला मिळालं आहे. शेवटी वेम्ब्ली स्टेडियमच्या अवशेषांत, जिथे १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’ या मैफलीत ‘क्वीन’ वाजवून गेले होते, तिथे दडलेली गिटार सापडते.

परीक्षकांना यात पोरकटपणा दिसला. तो आहेच, काही विनोद खरोखर हलके आहेत, आणि कंपनीची दुष्ट राणी केवळ दुष्टपणासाठी दुष्ट आहे. पण रचना पाहा. गाणी पात्रांना नव्याने सुचतात असा बहाणा इथे करावा लागत नाही. ती जुनीच आहेत, हरवलेली आहेत, आणि त्यांचा शोध हीच कथा आहे. प्रेक्षकाला ती आधीपासून ठाऊक असणं ही एरवीची अडचण, इथे कथेची गरज बनते. नायकाला जे आठवत नाही ते समोरच्या दोन हजार माणसांना पाठ आहे, आणि म्हणूनच ती माणसं नाटकात सामील होतात. या फरकाचा एक ठळक पुरावा भाषांतरात सापडतो. ‘मम्मा मिया’ २००२ साली हॅम्बुर्गला गेलं तेव्हा गाणीही जर्मन झाली, कारण तिथे गाणं म्हणजे पात्राचं बोलणं. ‘वुई विल रॉक यू’ २००४ च्या डिसेंबरात कलोनला गेलं, तेव्हा संवाद जर्मन झाले, पण बहुतेक गाणी मूळ इंग्रजीतच राहिली. उत्खननात सापडलेला शिलालेख कुणी आपल्या लिपीत पुन्हा कोरत नाही.

या रचनेची खरी कसोटी होती ‘बोहेमियन रॅप्सडी’. १९७५ चं हे सुमारे सहा मिनिटांचं गाणं ‘क्वीन’चा मुकुटमणी, पण कुठल्याही कथेत न बसणारं. त्याचा अर्थ त्याच्या कर्त्यानेही कधी उलगडून सांगितला नाही. नायक-नायिकेची नावं, गॅलिलिओ आणि स्कारामूश, या गाण्यातूनच उचललेली. म्हणजे सगळं नाटक त्याच्या सावलीत वाढलेलं. तरीही एल्टन यांनी ते गाणं कथेत घातलं नाही. कथा संपते, लोक टाळ्या वाजवू लागतात, मग ते गाणं हवं आहे का असं प्रेक्षकांनाच विचारलं जातं आणि त्यानंतर ते सादर होतं. कित्येकदा स्वतः ब्रायन मे अचानक रंगमंचावर प्रकटून त्यातली गिटार वाजवून जात. काहींना ही पळवाट वाटली. मला ती या नाटकातली सर्वांत सुज्ञ जागा वाटते. काही गाण्यांवर नवा संदर्भ चढत नाही, हे ओळखून ती मोकळी सोडणं हाही नाट्यलेखनाचाच भाग आहे.

आता तो मूळ आक्षेप: गाण्यांच्या जोरावर काहीही चाललं असतं. तसं असतं तर ‘बीच बॉइज’च्या गाण्यांचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ २००५ साली ब्रॉडवेवर ९४ प्रयोगांत आटोपलं नसतं, आणि त्याच वर्षी जॉन लेनन यांच्या गाण्यांचं ‘लेनन’ ४९ प्रयोगांत बंद पडलं नसतं. गाण्यांचा दर्जा तिथे कमी नव्हता. ‘मम्मा मिया’च्याच निर्मात्या जुडी क्रेमर यांनी ‘स्पाइस गर्ल्स’ची गाणी घेऊन २०१२ च्या डिसेंबरात ‘व्हिवा फॉरएव्हर’ काढलं. पुढच्या जूनमध्ये ते उतरलं. एल्टन यांनी स्वतः रॉड स्ट्यूअर्ट यांच्या गाण्यांवर २००३ साली नाटक केलं, तेही लंडनला वर्षभराच्या आसपासच चाललं. इतकंच काय, ‘वुई विल रॉक यू’सुद्धा लास व्हेगासला सप्टेंबर २००४ ते नोव्हेंबर २००५ एवढंच टिकलं. लंडनच्या शुभारंभानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ जून २००२ ला, ब्रिटनच्या राणीच्या सुवर्णमहोत्सवी मैफलीत याच नटसंचाने बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत ‘बोहेमियन रॅप्सडी’ गायली. सुरुवातीच्या दिवसांत त्या प्रसिद्धीचा हातभार लागला असणार, हे मला मान्य आहे. पण एका रात्रीची प्रसिद्धी बारा वर्षं पुरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. जागतिक कंपन्यांनी संगीताचा माल केला, असं रडगाणं गाणारं हे नाटक स्वतःच मेलबर्न, माद्रिद, टोरांटोपर्यंत पसरलेला व्यापार नव्हता का? महागडी तिकिटं घेऊन आलेल्यांना बाजाराविरुद्ध बंड शिकवणं हा दुटप्पीपणा नव्हे का? यातलं तथ्य नाकारता येणार नाही. एल्टन यांचं व्यवस्थेवरचं भाष्य वरवरचं आहे आणि ते नसतं तर नाटक अधिक नेटकं झालं असतं. मात्र एका बाबतीत या मंडळींनी बोलल्यासारखं केलं. संगणकी संगीताला नावं ठेवणाऱ्या या नाटकात रोज रात्री हाडामांसाचे वादक वाजवत होते, आणि मे व टेलर यांनी संगीताची देखरेख शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवली. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर ओठ हलवून हे नाटक झालं असतं, तर आक्षेप निर्णायक ठरला असता.

२०११ साली ऑलिव्हिए नाट्यपुरस्कारांत प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा लोकप्रिय नाटकाचा मान या नाटकाला मिळाला. डॉमिनियनच्या दारावर बारा वर्षं मूठ उंचावून उभा असलेला मर्क्युरींचा भव्य पुतळा प्रयोग संपल्यावर रॉजर टेलर यांनी आपल्या बागेत नेऊन ठेवला. २०२३ च्या उन्हाळ्यात नाटक लंडनला पुन्हा आलं ते कोलिसियममध्ये, इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या घरात. आणि बंडखोरांच्या म्होरक्याच्या भूमिकेत बेन एल्टन स्वतः उभे राहिले. ‘बोहेमियन रॅप्सडी’ तिथेही कथेच्या बाहेरच, सगळ्यात शेवटी होती.