लायटरच्या खोबणीतून टाइप-सीकडे

सिगारेट शिलगावण्यासाठी गाडीत दिलेल्या खोबणीवर पुढे लॅपटॉप चालेल, असं ती घडवणाऱ्याच्या मनातही नसेल. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी गाडीत लॅपटॉपला वीज हवी तर बहुतेकांना तीच सापडायची. खोबणीत 12 व्होल्ट डीसी, लॅपटॉपला हवेत 19 च्या आसपास. मग मध्ये इन्व्हर्टर. तो 12 चे 230 व्होल्ट एसी करणार आणि ॲडाप्टर लगेच त्याचं पुन्हा डीसी करणार. पुण्याहून मुंबईला कोल्हापूरमार्गे जावं, तसला प्रकार. दोन्ही ठिकाणी वीज उष्णतेत जायची, आणि फ्यूज 10 अँपिअरचा असला तर 120 वॉटच्या वर काही मागायची सोय नव्हती. इंजिन बंद ठेवून काम करत बसणाऱ्यांना शेवटी गाडीला धक्का मारावा लागे, ते निराळंच.

विमानाचे नखरे याहून जास्त. 1990 च्या दशकात एम्पॉवर नावाची व्यवस्था आली: सीटपाशी 15 व्होल्ट डीसी, 75 वॉटची मर्यादा, आणि घरात-ऑफिसात कुठेच न दिसणारं चिमुकलं सॉकेट. त्याची वायर वेगळी विकत घ्यायची. ॲपलने विमानासाठी मॅगसेफ ॲडाप्टर काढला, त्यावर लॅपटॉप चालायचा पण बॅटरी चार्ज व्हायची नाही! चार्जिंगची धास्ती अगदीच पोकळ नव्हती म्हणा. 2006 मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्या तापून पेट घेऊ शकतात म्हणूनच.

पुढे सीटपाशी घरच्यासारखं एसी सॉकेट येऊ लागलं. माझ्या मते मात्र खरी सुटका झाली ती वायरच्या दोन टोकांना आपसात बोलता येऊ लागलं तेव्हा. 2014 मध्ये टाइप-सी आलं. पॉवर डिलिव्हरी पद्धतीत चार्जर आपल्याकडे किती व्होल्ट आहेत ते सांगतो, लॅपटॉप त्यातले हवे तेवढे मागून घेतो. 2015 च्या 12 इंची मॅकबुकला तर चार्जिंगसाठी दुसरी जागाच नव्हती. आता त्याच लायटरच्या खोबणीत बसणारा बोटभर चार्जर 12 चे थेट 20 व्होल्ट करतो, इन्व्हर्टर लागतच नाही.

मध्यंतरी पॉवर बँकेने सॉकेटची फिकीरच मिटवल्यासारखं वाटलं होतं. विमानात 100 वॉट-तासांपर्यंतची बँक सहसा चालते, आणि 20,000 एमएएचची साधारण 74 भरते. पण जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं उभं विमान जळालं आणि संशय पॉवर बँकेवर गेला. ऑक्टोबर 2025 पासून एमिरेट्सने ती विमानात वापरायलाच मनाई केली, जवळ बाळगायची तीही एकच. म्हणजे मुंबईहून दुबईमार्गे पुढे जाणाऱ्याची भिस्त पुन्हा सीटच्या सॉकेटवर. ते वापरून वापरून सैल झालेलं असेल तर जड चार्जर त्यात ठरत नाही, लोंबकळून निसटतो. हलका चार्जर नेलेला बरा.