गाडीतली स्क्रीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

द्राक्षांच्या हंगामात निफाडमधून जाणारा नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्ता रात्रीसुद्धा शांत नसतो. द्राक्षांच्या पिकअप, लासलगावकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या. त्यातल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. थंडीतल्या पहाटे वर धुकं. अशा रस्त्यावर चालवणाऱ्याची नजर क्षणभर हटली तरी जिवाशी गाठ असते. आणि नवी गाडी घेताना आपण आधी विचारतो काय, तर ‘स्क्रीन किती इंची?’

मोठी स्क्रीन म्हणजे जास्त सोय, हाच मुळात मोठा गैरसमज आहे. 2022 मध्ये स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटर वेगाने एक चाचणी घेतली. सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन बदलणं अशी साधी कामं होती. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत उरकली. स्क्रीनवाल्या एका नव्या गाडीत सुमारे 45 सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ 1,400 मीटर पुढे गेली होती. कारण उघड आहे. बटण बोटांना चाचपून सापडतं, सवयीने न बघता फिरवता येतं. गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं ते डोळ्यांनाच शोधावं लागतं, आणि मेनूच्या आत आणखी मेनू असेल तर पुन्हा पुन्हा शोधावं लागतं.

‘मी जुना ड्रायव्हर, नुसती नजर टाकतो,’ असंही ऐकू येतं. ताशी 80 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 44 मीटर जाते. अंधारातली ट्रॉली तेवढ्यात अंगावर येते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2013 मध्ये कंपन्यांना घालून दिलेली मार्गदर्शक मर्यादा म्हणूनच काटेकोर आहे: एका वेळी नजर दोन सेकंदांहून जास्त हटू नये, आणि पूर्ण काम मिळून बारा सेकंदांत व्हावं.

मग तोंडी हुकूम दिला की धोका संपला? नाही. हात आणि डोळे मोकळे राहिले तरी मन गुंतलेलंच असतं. युटा विद्यापीठाच्या संशोधकांना 2015 मध्ये आढळलं, की काही गाड्यांत तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ब्लूटूथवर व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

कायद्याचंही अर्धवट ऐकलेलं असतं. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता मोबाइल वापरता येतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने. चालत्या गाडीत पत्ता टाइप करायला ही सूट नाही.

युरोपात वारं फिरलं आहे. 2026 पासून युरो एनकॅपच्या सुरक्षा-चाचणीत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या नसतील, तर पूर्ण गुण मिळत नाहीत. आपल्या कंपन्यांनीही ही वाट धरायला हवी, आणि गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय त्या धरणार नाहीत. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा ती उभी असतानाच स्क्रीनकडे न बघता एसी कमी करून पाहा, समोरच्या काचेवरची वाफ घालवून पाहा. जमलं नाही, तर दुसरी गाडी बघा.